पत्र्याच्या अलीकडे, पत्र्याच्या पलीकडे

आमच्या भागात गेल्या काही वर्षांत एक नवा वाक्प्रचार रूढ झाला आहे. ‘त्यांच्या बिल्डिंगला पत्रे लागले.’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. माणसं सामानसुमान घेऊन भाड्याच्या जागेत गेली, जुनी इमारत आता पडणार आणि तिच्या जागी टॉवर उभा राहणार, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. पूर्वी एखाद्याच्या दारात मांडव पडला की घरात लग्न आहे हे कुणी सांगत नसे, तसंच हे.

मी पेशानं स्थापत्य अभियंता. आयुष्यातली जवळजवळ चाळीस वर्षं मी या पत्र्यांच्या आत काढली. निवृत्त झाल्यापासून मात्र मी तुमच्यासारखाच पत्र्यांच्या बाहेरून, पिशवी सांभाळत, चिखल चुकवत चालतो. दोन्ही बाजू पाहून झाल्यामुळे या तात्पुरत्या भिंतीबद्दल मला चार शब्द सांगावेसे वाटतात. ताजमहालाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो. पण जी भिंत काम संपलं की मोडून नेण्यासाठीच उभी केली जाते, तिचा इतिहास कोण लिहिणार? आणि तरीही, ही भिंत कुणाला वाचवण्यासाठी उभी केली, हा प्रश्न विचारला की शहराचा स्वभाव बराचसा समजतो.

गंमत अशी, की या भिंतीची गोष्ट सुरू होते किल्ल्यापासून. मध्ययुगात युरोपातल्या किल्ल्यांवर हल्ला होणार अशी चाहूल लागली की तटाच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला लाकडी सज्जे बांधून काढत. या सज्ज्यांच्या तळाला भोकं ठेवलेली असत. त्यातून खाली तटाला भिडलेल्या शत्रूवर धोंडे टाकायचे. लढाई संपली की लाकूड उतरवून ठेवायचं. या तात्पुरत्या बांधकामाला इंग्रजीत नाव होतं ‘होर्डिंग’. जुन्या फ्रेंचमधल्या, लाकडी कूड या अर्थाच्या एका शब्दाशी त्याचं नातं आहे. पुढे हाच शब्द इंग्रजांनी बांधकामाभोवतीच्या लाकडी कुंपणाला वापरला. म्हणजे किल्ल्यावरचं होर्डिंग खालच्या माणसाच्या डोक्यात धोंडा घालण्यासाठी होतं, आणि बांधकामाचं होर्डिंग खालच्या माणसाच्या डोक्यात धोंडा पडू नये यासाठी. एकाच शब्दानं किती उलटा प्रवास केला पाहा!

हे कुंपण नुसती रीत न राहता कायदा झालं ते एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडात कारखाने वाढले, शहरं फुगली, अरुंद रस्त्यांच्या कडेला जुनी घरं पाडून नवी बांधण्याची घाई सुरू झाली. खालून घोडागाड्या आणि माणसं, वरून विटा आणि चुना. १८४७ साली ब्रिटिश संसदेनं शहरांच्या सुधारणेसाठी एक कायदा केला. त्यात एक कलम आहे, ते मला फार आवडतं. इमारत बांधणाऱ्यानं किंवा पाडणाऱ्यानं काम सुरू करण्याआधी रस्ता आणि काम यांच्यामध्ये पुरेसं कुंपण घालावं. जागा असेल तर कुंपणाच्या बाहेरून पादचाऱ्यांसाठी फळ्यांची वाट करावी, तिला धरायला कठडा असावा. काम चालू असेपर्यंत हे सगळं नीट राखावं. आणि गरज असेल तिथे रात्री दिवा लावावा. कुंपण, वाट, कठडा, दिवा. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या या चार शब्दांत आजही भर घालण्यासारखं फारसं काही नाही.

हेच कलम बोटीत बसून मुंबईला आलं. १८६० च्या दशकात फोर्टचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेत शहर नव्यानं बांधायला घेतलं. त्यानंतरची तीस वर्षं म्हणजे मुंबईतला बांधकामांचा सुगीचा काळ. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी बोरीबंदरच्या स्टेशनाचं काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं. महापालिकेच्या स्वतःच्या इमारतीची पायाभरणी १८८४ मध्ये झाली आणि ती पूर्ण व्हायला १८९३ उजाडलं. दगड फोडण्याचा आवाज, बांबूच्या परांच्या, बैलगाड्यांतून येणारा चुना, हे तेव्हाच्या मुंबईकराचं रोजचं दृश्य असणार. अशा काळात, १८८८ साली, मुंबई महापालिकेचा कायदा झाला. नाव बदलून आणि दुरुस्त्या होऊन तोच कायदा आजही लागू आहे. पदपथाला अडथळा होत असेल तर काम सुरू करण्याआधी कुंपण घाला, जमेल तिथे फळ्यांची वाट आणि कठडा द्या, रात्री उजेड ठेवा, हे त्यात आहे. म्हणजे पादचाऱ्याचा हा हक्क मुंबईत कागदावर तरी सव्वाशे वर्षांहून जुना आहे. पुढच्या वेळी पत्र्यांनी अख्खा फुटपाथ गिळला आणि तुम्हाला बेस्टच्या बसपुढून पळत जावं लागलं, तर हे जरूर आठवा. आपण कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहोत.

पण भिंत उभी राहिली आणि ती कोरी राहिली, असं जगात कुठं होत नाही. लंडनमध्ये बांधकामाची लाकडी कुंपणं उभी राहताच त्यांवर जाहिराती चिकटू लागल्या. जॉन ऑर्लँडो पॅरी या चित्रकाराचं १८३५ सालचं लंडनच्या रस्त्याचं एक जलरंगातलं चित्र आहे. मागे सेंट पॉल कथीड्रलचा घुमट आणि पुढे अशी एक भिंत, की तिच्यावर बोटभर जागा मोकळी नाही. पोस्टरांवर पोस्टर. ‘स्टिक नो बिल्स’ ही सूचना आपल्याकडच्या भिंतींवर आपण लहानपणापासून वाचत आलो, तिचं मूळ याच रोगात आहे. हळूहळू लोक कुंपण विसरले आणि जाहिरातीचा फलक तेवढा लक्षात राहिला. म्हणूनच आज मराठीत ‘होर्डिंग’ म्हटलं की बांधकामाची भिंत कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स.

आणि या शब्दाचा प्रवास आणखी एक कडू वळण घेऊन थांबला. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईत वादळी वारा सुटला आणि घाटकोपरला छेडानगरजवळ एका पेट्रोल पंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळला. १७ माणसं गेली. पालिकेची मर्यादा होती ४० फूट बाय ४० फूट. हा फलक सुमारे १२० बाय १२० फुटांचा होता. रस्त्यावरच्या माणसाला वाचवण्यासाठी जन्मलेल्या वस्तूचा हा वंशज रस्त्यावरच्या माणसांच्याच अंगावर आला.

इथे माझ्यातला अभियंता थोडा जागा होतो, त्याला दोन मिनिटं द्या. पत्र्याला नागमोडी वळणं का असतात? वहीचा एक कागद दोन टोकांना धरा, तो मध्ये लोंबतो. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घाला, मग तो सरळ उभा राहतो. वर पेन्सिल ठेवली तरी वाकत नाही. पत्र्याचंही तसंच. लोखंडाच्या पातळ पत्र्याला अशी वळणं देण्याचं पेटंट हेन्री पामर या इंग्रज अभियंत्यानं १८२९ साली घेतलं. पुढे १८३७ मध्ये लोखंडावर जस्ताचा थर देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यानं घेतलं आणि पत्रा गंजण्यापासून बराच वाचला. हलका, कडक, पुन्हा पुन्हा वापरता येणारा. लाकडी फळ्यांचं कुंपण मागे पडून पत्र्याचं आलं ते या गुणांमुळे.

पण पत्र्याची भिंत म्हणजे जमिनीत रोवलेलं शीड असतं, हे आपण विसरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. आणि वारा तोच असला तरी भिंतीची उंची दुप्पट केली, की तिला मुळापासून उलथवणारा जोरही चौपट होतो. कारण वारा अडवणारा पत्राही वाढतो आणि तरफही लांब होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा पालिकेनं धूळ रोखण्यासाठी नियम काढले. सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतींच्या कामाभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे हवेत, एक एकराहून मोठ्या जागेलाही तेवढेच, लहान जागेला २५ फूट. हेतू चांगलाच आहे. पण सात फुटांच्या कुंपणाची सवय असलेल्या मुकादमाला हे सांगायला हवं, की पस्तीस फूट म्हणजे पाचपट उंची आणि पंचवीसपट जोर. तिथे बांबू आणि सुतळी चालत नाही. तिथे लोखंडी सांगाडा, मागून तिरके टेकू आणि काँक्रीटचा पाया लागतो. ‘तात्पुरतीच तर आहे’ हे शब्द मी साइटवर असंख्य वेळा ऐकले आहेत. वाऱ्याला मात्र भिंत तात्पुरती आहे की कायमची हे कळत नाही.

आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं पत्र्याच्या बाहेरचं. बाहेरचा पादचारी, बाहेरची जाहिरात, बाहेरची हवा. आता आत चला.

१९७९ साल. मी नुकताच पदविका घेऊन ठाण्याकडच्या एका साइटवर लागलो होतो. तळमजला आणि वर सहा मजल्यांची इमारत. रस्त्याच्या बाजूला पत्रे अगदी व्यवस्थित होते, कारण तिथून शाळेची मुलं जात आणि मालक त्याबाबत दक्ष होते. काम करणारी माणसं बहुतेक सोलापूर-विजापूरकडची. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलं ते पुन्हा स्थिर न झालेली. ती साइटवरच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि तट्ट्या लावून केलेल्या झोपड्यांत राहत. बायका घमेली उचलत. तान्ही मुलं साडीच्या झोळीत, आणि चालायला लागलेली मुलं रेतीच्या ढिगावर.

जुलैचे दिवस होते. लिफ्टसाठी खणलेला खड्डा पावसाच्या पाण्यानं कमरेइतका भरलेला. दुपारी मी वरच्या मजल्यावर सळयांचं अंतर मोजत होतो आणि खालून किंकाळी आली. धावत उतरलो. दोन-अडीच वर्षांचा एक मुलगा खड्ड्यात पडला होता. आम्ही पोहोचायच्या आत शेजारी रेती चाळणाऱ्या एका बाईनं घमेलं फेकून खड्ड्यात उडी टाकली होती आणि पोराला डोक्यावर धरून ती पाण्यात उभी होती. पोर रडत होतं. रडणं ऐकून एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

संध्याकाळी मी मुलाच्या आईला रागानंच म्हणालो, “बाई, पोराकडे लक्ष नको का ठेवायला?” ती शांतपणे म्हणाली, “सायेब, पोर रांगतंय तवर पाय बांधून ठेवता येतंय. चालाया लागलं की काय करायचं, तुमीच सांगा.”

मला उत्तर सुचलं नाही. मी रात्रभर एकच विचार करत होतो. रस्त्यावरच्या मुलांसाठी आम्ही दोनशे फूट पत्रा लावला. तो बरोबरच होता. पण आतल्या या मुलासाठी आम्ही एक फळीही आडवी टाकली नव्हती. भिंत बांधताना आम्ही माणसं मोजली होती ती फक्त पत्र्याच्या अलीकडची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याला सांगून खड्ड्याभोवती अर्ध्या विटेची भिंत रचून घेतली. मातीत रचलेली, तीन फूट उंच, वरून आडव्या बल्ल्या. मोठ्या माणसाचा धक्का तिला सोसला नसता, पण अडीच वर्षांच्या मुलाला ती पुरेशी होती. विटा लागल्या चारशेच्या आत आणि दोन माणसांचा अर्धा दिवस.

माझी ही अक्कल उशिरा आली, पण दहा वर्षांपूर्वीच एका बाईंना ती आली होती हे मला नंतर कळलं. १९६९ साल गांधीजींच्या जन्मशताब्दीचं. दिल्लीत राजघाटाजवळ मोठं प्रदर्शन उभारण्याचं काम चालू होतं. तिथे मीरा महादेवन यांनी मजूर बायकांची मुलं धुळीत, उन्हात, दगडविटांत पडलेली पाहिली. ज्या महात्म्याच्या नावानं हे बांधतो आहोत त्याच्या दारात हे चालावं का, असं त्यांना वाटलं असेल. त्यांनी साइटवरच एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. काम हललं की पाळणाघरही हलायचं, म्हणून नाव ‘मोबाइल क्रेश’. १९७२ मध्ये हे काम मुंबईतही सुरू झालं. तंबूची कापडी कनात हीसुद्धा तात्पुरतीच भिंत. पण बांधकामावरच्या सुरक्षेच्या इतिहासात मी तिला लोखंडी पत्र्याच्या वरचं स्थान देईन. ती आतल्या मुलासाठी उभी राहिली.

कायदा मात्र सावकाश आला. दिल्लीत एशियाडची स्टेडियमं बांधली जात असताना मजुरांच्या हालांची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९८२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की बांधकाम हे धोक्याचं काम आहे, त्यावर चौदा वर्षांखालच्या मुलाला लावता येणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९९८ मध्ये त्याचे केंद्रीय नियम आले. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारतीभोवती, जमिनीपासून पाच मीटरच्या आत, किमान दोन मीटर रुंदीचं संरक्षक छत हवं. उघड्या खड्ड्यांना झाकण किंवा कठडा हवा. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. हा कायदा पुढे २०२० च्या कामगार सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला. आता हिशेब करा. रस्त्यावरच्या माणसासाठी मुंबईत कुंपणाचा कायदा १८८८ चा. कुंपणाच्या आतल्या माणसासाठी देशभराचा स्वतंत्र कायदा १९९६ चा. मधली १०८ वर्षं ही त्या पत्र्याची खरी जाडी.

आणि कायद्यानंतरही? २९ जून २०१९ ची पहाट पुण्याच्या कोंढव्यातली. एका बांधकामाच्या जागेत, शेजारच्या सोसायटीच्या संरक्षक भिंतीला लागून मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. पावसात ती भिंत खोल्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. ‘संरक्षक भिंत’ हा शब्द त्या दिवशी वर्तमानपत्रात वाचताना माझ्या घशाला कोरड पडली. भिंत सोसायटीचं संरक्षण करत होती. तिच्या पायथ्याशी झोपलेल्यांचं संरक्षण हे कुणाच्याच यादीत नव्हतं.

आजकाल आमच्या गल्लीतले पत्रे रंगवलेले असतात. त्यावर हिरवळ, निळं आकाश आणि हसणारं कुटुंब छापलेलं असतं. माझी नात विचारते, “आजोबा, आत खरंच अशी बाग आहे?” मी तिला फटीतून आत डोकावायला लावतो. तुम्हालाही माझी तेवढीच विनंती आहे. पत्र्यापाशी आलात की आधी बाहेरचं पाहा. चालायला वाट ठेवली आहे का, कठडा आहे का, रात्री दिवा लागतो का, वर छत आहे का. नसेल तर सोसायटीच्या, वॉर्डाच्या पत्रात तसं लिहा, तो आपला हक्क आहे. मग फाटक उघडं असेल तेव्हा क्षणभर आत पाहा. खड्ड्याभोवती काही आहे का? मुलं कुठे खेळताहेत? तेही त्याच पत्रात लिहा. आपल्या सोसायटीचा पुनर्विकास असेल तर बिल्डरला पार्किंग आणि फरशीबरोबर हाही प्रश्न विचारा.

ठाण्याची ती इमारत पुरी झाली तेव्हा लिफ्ट बसवण्याआधी आम्ही ती मातीतली भिंत मोडली. विटा स्वच्छ करून मागच्या कंपाउंडला वापरल्या. मोजमापाच्या वहीत त्या भिंतीची कुठेच नोंद नाही, तिचं बिलही कुणी काढलं नाही. ती जेमतेम पाच महिने उभी होती. तेवढ्या काळात तो मुलगा तिच्याभोवती पळून पळून चांगला दणकट झाला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)